गुळाचा कोबा

रज्जाकचाचा कुणालाही पहिल्यांदा भेटले की एकच प्रश्न विचारायचे, "कोन्या कुशीवर झोपता?"

तहसीलीतून आलेला साहेब असो, लग्न होऊन आलेली नवी नवरी असो, त्यांना फरक पडत नसे. माझ्या माहेरून माझा भाऊ पहिल्यांदा आमच्या गावी, वरवट बकालला आला तेव्हा त्याला मी आधी सांगून ठेवायला विसरले. बिचारा घरात येऊन दाराकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, समोरचा म्हातारा बरा आहे ना गं?" मी म्हटलं, "अरे, गादीवाला आहे तो. डाव्या कुशीवर झोपणाऱ्याची गादी वेगळी भरतो म्हणे." भावाने मान हलवली, पण जाईपर्यंत तो चाचांच्या दारावरून जरा लांबूनच गेला.

आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. मी घरी ब्लाउज शिवते, मशीन ओसरीत, त्यामुळे दिवसभर डोळ्यांसमोर चाचांचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे कापूस पिंजायची मशीन, खाली ताडपत्री आणि त्यावर मांडी घालून चाचा. भुवयांवर, दाढीवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस. सणावारी अंघोळ करून, अत्तर लावून बाहेर पडले तरी कुठे ना कुठे एक तंतू राहिलेलाच असायचा, आणि मेहरूनचाची तो दारातच दोन बोटांनी उपटायची.

चाचा भरायचे, चाची टाके घालायची. असा त्यांचा संसार. आणि भांडण? बाप्पा! सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी भांडण सुरू. आपसांत त्यांच्या घरच्या बोलीत भांडायचे, पण साक्षीदार लागला की दोघंही वऱ्हाडीत यायचे, म्हणजे मला कळावं. "सूनबाई, तूच सांग, हा टाका वाकडा हाय का?" चाचांचं मत असं की टाका वाकडा आहे. चाचीचं मत असं की चाचांची नजर वाकडी आहे. मी दोघांना चहा करून पाजायची, त्यातच माझा निकाल.

चाचांचा शत्रू एकच, गाठ. कापसातली गाठ. "गाठ राह्यली तं मानूस रातभर कूस बदलते अन् सकायी बायकोवर खेकसते," असं ते म्हणायचे. हा शब्द ते सगळीकडे वापरायचे. माझ्या भाजीत मीठ नीट मिसळलं नसेल तर "गाठ राह्यली." ग्रामपंचायतीत दोन गटांचं वाजलं तर "गाठ राह्यली." गादी भरून झाली की गिऱ्हाइकासमोर स्वतः तीवर आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि पाठीने गाठ शोधायचे. एकदा एका लग्नाच्या रुखवताची गादी न्यायला नवरीकडची सात-आठ माणसं आली. चाचा आडवे झाले आणि घोरायलाच लागले. पाहुणे उभे, टेम्पो उभा. चाचीने तांब्याभर पाणी आणलं तेव्हा कुठे उठले आणि म्हणाले, "घेऊन जा. गाठ नाही." नवरीचा बाप हसून हसून बेजार. त्याने पुढच्या मुलीची गादीही त्यांच्याकडूनच नेली.

अशा माणसाने एक दिवस सिमेंट हातात घेतलं. ती गोष्ट मला सांगायची आहे.

आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चाचांचं घर पुढे, अंगण मागे आणि संडास त्या अंगणाच्या पार टोकाला, फाटकाजवळ. होळीनंतरची गोष्ट. चाची सकाळी तिकडे निघाली, भेगेत पाय गेला आणि कोसळली. तिचा आवाज ऐकून मी सुई टाकून धावले. खुबा मोडला होता. अकोल्याला नेलं, ऑपरेशन झालं, आणि तिथून चाची अकोल्यालाच मुलीकडे, शबानाकडे राहिली.

शबाना आईचे कपडे न्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. चांगली मुलगी आहे, उगाच कुणी तिला नावं ठेवू नयेत. पण आई पडल्याचं तिने मनाला फार लावून घेतलं होतं. ती अंगणात उभी राहून म्हणाली, "अब्बा, डॉक्टरनं साफ सांगितलं. आता वॉकर घेऊनच चालायचं, अन् जमीन सपाट पाह्यजे. पुन्हा पडली तं अम्मी उठनार नाही. या आंगनात मी तिले आनत नाही. तुमीच चला तिकडे."

"मी तिकडे येऊन काय करू? तिकडे समदे फोमवर झोपतात."

"मंग आंगन नीट करा. बकरी ईद झाली का मी येऊन पाहीन. मले पटलं तं अम्मी येईन. नाही पटलं तं ती कायमची माझ्यापाशी."

शबाना गेल्यावर चाचा दुकानात गेले, मशीन सुरू केली आणि कापूस न घालताच ती बराच वेळ चालू ठेवली.

चाचीला काय वाटत होतं ते मला फोनवर कळायचं. "सूनबाई, इथं समदं हाय. फरशी हाय, पंखा हाय, लेक हातात ताट देते. पन माय, माझ्यासंग भांडाले कोनी नाही," ती म्हणायची.

चाचा गजानन मिस्त्रीकडे गेले. तो घरकुलांच्या कामांत गळ्यापर्यंत बुडालेला. पाऊस पडून गेल्यावर येतो म्हणाला. पावसाळा संपेपर्यंत कोण थांबणार? चाचा परत आले आणि माझ्या ओसरीसमोर उभे राहून जाहीर केलं, "सूनबाई, कोबा मीच करतो."

"चाचा, ते काँक्रीट आहे. कापूस नाही."

"भरनं ते भरनं. हे जरा जड हाय, इतकंच."

काय करावं या माणसाला! मिस्त्रीला पुन्हा गाठून त्यांनी सगळं विचारून घेतलं. काळी माती गुडघाभर काढायची, कारण तिच्यावर काहीही टाकलं तरी ती फुगून त्याला उचलते. खाली मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा, वर दगड बसवायचे, कडेला फळ्या, मग लोखंडी जाळी आणि मग काँक्रीट. घराच्या मागच्या दारापासून फाटकापर्यंतची पट्टी, वॉकर आणि सोबत एक माणूस आरामात चालेल एवढी रुंद. आणखी एक सांगितलं त्याने. बोरचं पाणी खारं आहे, ते वापरायचं नाही, नळाचंच घ्यायचं. "जे चाचीले पाजता तेच सिमेंटले पाजा," असं म्हणाला.

वैशाखातलं ऊन. पहाटे उजाडलं की चाचांच्या फावड्याचा आवाज सुरू व्हायचा आणि ऊन चढलं की थांबायचा. आमचे हे ड्युटीवर जायच्या आधी हात लावून जायचे, गल्लीतले आणखी दोघं-तिघं यायचे. पण चाचांना दुसऱ्याचं काम पटायचं नाही. कुणी मुरूम ठोकून गेलं की ते मागून तळहात फिरवून बघायचे. "इथं पोकय हाय," म्हणायचे आणि पुन्हा ठोकायचे. खडी आली तर ती घमेल्यात घेऊन धुतली. मूठ-मूठ घेऊन मातीचे डिखळे वेचून काढले, जशी कापसातून सरकी काढायचे तशी. मी फाटकातून ओरडले, "चाचा, आता तिला तेल लावून वेणी पण घाला!" ते म्हणाले, "मेहरून चालनार हाय त्याच्यावर," आणि वेचतच राहिले.

काँक्रीट टाकायचा दिवस आला. तांबडं फुटतानाच सगळे जमले. नळाच्या पाण्याने भरलेला ड्रम सावलीत होता, त्यावर ओलं फडकं. चाचा कुणालाच ड्रमजवळ जाऊ देईनात, स्वतः तांब्याने पाणी काढून देत होते. पाणी लालसर दिसतंय असं आमच्या ह्यांना वाटलं, पण नळाला कधी कधी तसं येतं म्हणून ते गप्प बसले. माल कालवला, घमेली हातोहात गेली, चाचांनी काठीने टोचून टोचून हवा काढली आणि फळीने सारखं केलं. काम उन्हाआधी उरकलं. दिसायला असं सुरेख की मी दृष्ट काढायच्या बेतात होते. मग चाचांनी सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तोंड गोड करा म्हणाले. एवढा खूश झालेला माणूस मी चाची पडल्यापासून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोबा ओलाच. आमच्या उन्हात पापड टाकून वळेस्तोवर वाळतो, आणि हा कोबा अंगठा लावला की खाली बसतो! चाचा म्हणाले, "जाड हाय ना, येळ लागन." त्याच्याही दुसऱ्या दिवशी तसाच. संध्याकाळी मी पाण्याची बादली घेऊन गेले तर फाटकापासून मुंग्यांची रांग लागलेली. काळ्या मुंग्या, चांगल्या शिस्तीत, सरळ कोब्यावर चढत होत्या.

आता काँक्रीटला मुंग्या लागल्याचं कुणी ऐकलंय का? मी ह्यांना हाक मारली, ह्यांनी गजानन मिस्त्रीला मोटारसायकलवर बसवून आणलं. मिस्त्री उकिडवा बसला. बोटाने चिमूटभर उकरलं, नाकाशी नेलं आणि चाचांकडे पाहिलं.

"चाचा, याच्यात काय टाकलं?"

"काय म्हंजे? तू सांगितलं तेच."

"अजून काय?"

चाचा जरा अभिमानानेच म्हणाले, "गूय. अर्धी ढेप. पान्यात इरघयवून टाकला. माझा आजा सांगे, जुन्या गढ्या बांधल्या तवा चुन्यात गूय घालत, बेलफय घालत. म्हनून तं अजून उभ्या हायेत. तुमी आजकालचे मिस्त्री इसरून गेले. म्या म्हटलं, मेहरूनसाठी करतो तं तसाच पक्का करू."

मिस्त्रीला हसू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. पण चाचांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोघांचंही हसू जागच्या जागी विरलं. मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "चुन्याले चालते चाचा. सिमेंटले नाही चालत. गूय पडला का ते झोपते, मंग उठतच नाही. एवढा पडला म्हनल्यावर तं हे समदं काढाच लागन."

चाचा कोब्याच्या कडेला बसले. म्हणाले, "म्या तं मजबूत करून राह्यलो होतो रे." मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन मी उगाच भांडी आपटली आणि मुलांवर ओरडले. राग कुणाचा होता कुणास ठाऊक, पण मला त्या म्हाताऱ्याची फार फार माया आली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खणण्याचा आवाज. ते एकटेच सगळं उकरून काढत होते. आमचे हे गेले तर त्यांना हाताने परत जा म्हणून खुणावलं. कुणाला हात लावू दिला नाही. ईद तोंडावर आली होती, आकाशात ढगही दिसू लागले होते. गल्लीत आम्ही सगळ्यांनी ठरवलं की चाचीला यातलं काही कळू द्यायचं नाही.

आम्ही ठरवून काय उपयोग? चाचांनी त्या दिवशी दुपारी स्वतःच फोन लावला. फोन ते कायम हातभर लांब धरायचे आणि स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे माझ्या ओसरीत बसून अख्खी गल्ली ऐकू शकायची. साक्षीदार पाहिजे असेल म्हणून, की मला ऐकू यावं म्हणून, ते त्या दिवशी चाचीशी वऱ्हाडीतच बोलले. "मेहरून, कोबा बिघडला. म्या त्याच्यात गूय टाकला."

मी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं.

मग चाची म्हणाली, "नुसता गूय? बडीशेप नाही टाकली?"

आणि हसायला लागली. आधी खुदखुद, मग मोठ्याने, मग खोकला येईपर्यंत. शबानाचा घाबरलेला आवाज आला, "अम्मी, काय झालं, अम्मी?" चाची म्हणत होती, "शबाना, मले घरी ने वं. या मानसाले एकटं ठेवलं तं पुढच्या येळी हा शेवया टाकन." चाचा आधी रागावले, मग त्यांच्याही दाढीतून हसू फुटलं. ऑपरेशन झाल्यापासून अम्मी पहिल्यांदा अशी हसली, हे शबानाने मला मागाहून सांगितलं. पण त्या दिवशी ती फोनवर एवढंच म्हणाली, "आधी आंगन, अब्बा."

दुसऱ्यांदा काँक्रीट टाकलं त्या दिवशी गल्लीत कुणी धुणं धुतलं नाही. नळ चार-चार दिवसांनी यायचा, पण ज्याच्या त्याच्या घरून हंडे आले. गजानन मिस्त्री आपलं काम सोडून आला आणि येऊन ड्रमशेजारी खुर्ची टाकून बसला. "पानी मी देनार. चाचा, तुमी इकडे फिरकायचं नाही." चाचांनी ते मुकाट ऐकलं. फक्त शेवटी, माल जरा आवळल्यावर, त्यांनी ती पट्टी आपल्या पद्धतीने पुरी केली. गादीवर टाके घालायच्या आधी चाची सुतळीने आखून घ्यायची. तशीच त्यांनी दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली आणि ओल्या कोब्यावर दाबून आडव्या रेघा पाडल्या, ओल्या पायानेही वॉकर घसरू नये म्हणून. मिस्त्री बघत राहिला, पण अडवलं नाही.

आणि मग त्यांनी जे केलं ते दुसरं कुणी करूच शकलं नसतं. कोबा घट्ट झाल्यावर त्याला सतत ओला ठेवावा लागतो, आणि आमच्या उन्हात टाकलेलं पाणी घटकाभर टिकत नाही. चाचांनी दुकानातल्या सगळ्या जुन्या, फाटक्या गाद्या काढल्या, कोब्यावर ओळीने अंथरल्या आणि भिजवल्या. कापसाने पाणी धरून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ ते गाद्यांवर पाणी शिंपडत फिरायचे, मध्येच वाकून हात खाली घालायचे, ओल बघायचे. रस्त्याने जाणारे विचारायचे, "चाचा, बाहीर कोनासाठी अंथरून राह्यले?" चाचा त्यांना थांबवून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचे, गुळासकट.

ईद झाली आणि शबाना आली. एकटीच. गाद्या निघाल्या होत्या, पट्टी धुऊन स्वच्छ. चाचा दारात उभे, हात मागे बांधलेले, शाळेत तपासणी असावी तसे. शबानाने आधी बादलीभर पाणी ओतलं. पाणी एका बाजूने वाहून गेलं, कुठे साचलं नाही. मग ती चपला घालून चालली, टाच आपटून पाहिलं. मग चपला काढल्या आणि अनवाणी चालली, दारापासून फाटकापर्यंत आणि परत, अगदी हळू, जणू तिचाच खुबा मोडला होता. फाटकाशी तिने पदर डोळ्यांना लावला आणि फोन काढला. "अम्मी, बॅग भर. मी उद्या न्यायले येते."

चाची आली त्या दिवशी चाचा तिच्यासमोर उलटे चालत होते, दोन्ही हात पुढे पसरून, पण तिला न धरता. ती वॉकर पुढे टाकायची आणि एकेक शब्द. "मागं पाहून चाला. तुमी पडसान तं तुमचा खुबा कोन जोडन? तुमी तं त्याच्यातही गूय भरसान." पट्टीच्या मधोमध ती थांबली. पाय पुढे-मागे घासून पाहिला आणि मला हाक मारली, "सूनबाई, ये पाहाले. इथं गाठ राह्यली हाय." चाचा ताडकन म्हणाले, "नाही!" झालं, भांडण सुरू. दोघंही वऱ्हाडीत. मी चहा टाकायला घरात गेले आणि चुलीपुढे उभी राहून रडले, आनंदाने. दुसऱ्या दिवशी उजाडताच बघते तर चाचा दगड घेऊन ती जागा घासत बसले होते.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. चाची रोज त्या पट्टीवरून ये-जा करायची. काळी माती दोन्ही बाजूंनी फुगली, फाटली, पण पट्टीला तडा गेला नाही.

यंदाच्या थंडीत एका दुपारी चाचांच्या छातीत दुखायला लागलं. गाडी येईपर्यंत ते गेले. शबाना आली, नातलग आले, अंगण माणसांनी भरलं. आम्ही बाया घरात चाचीपाशी होतो. ती रडत नव्हती, भिंतीकडे बघत बसली होती. अंगणातून जनाजा उचलला तेव्हा बाहेर माणसांची हालचाल झाली आणि चाचीने वॉकर ओढला. जनाज्यामागे बाया जात नाहीत, म्हणून सगळ्यांनी तिला बस म्हटलं. ती उठली. दारात आली. पुढे माणसं चाचांना घेऊन फाटकाकडे निघाली होती, खांद्यांच्या वर जनाज्यावरची हिरवी चादर दिसत होती. मी घाईने तिच्या बगलेत हात घातला.

तिने माझा हात काढून बाजूला केला.

"सोड, सूनबाई. फाटकापस्तोर पोचवाले मले कोनी नाही लागत. इतकी वाट त्यानं मले करून देली हाय."

आणि ती एकटी चालत फाटकापर्यंत गेली.